सांजांव आणि जावयाचा मान : बेळगावच्या एका घरातली नोंद

मागच्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत सणवारांवर बोलणे चालले होते. मी सहज म्हणून गेले की आमच्याकडे दर २४ जूनला सांजांव असतो. दोघेतिघे हसले. एकांनी विचारले, "म्हणजे त्या गोव्यातल्या विहिरीत उड्या मारण्याचा सण? तो तुमच्याकडे कसा?" मी सांगायला लागले, पण चहा आला आणि विषय राहून गेला. नंतर मंडळातल्या एका ज्येष्ठांनी सांगितले की बोलू नका, लिहूनच द्या. म्हणून ही नोंद. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, एवढेच. पण हा सण समजून घ्यायची वेळ माझ्यावर घरातूनच आली, आणि शोधता शोधता जे हाती लागले ते मंडळाच्या उपयोगाचे आहे असे वाटते.

आधी घरची हकीगत थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचे कळायचे नाही. आमच्या मुलीने २०२१च्या डिसेंबरात बारदेशातल्या एका कॅथलिक मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोघे एकाच ठिकाणी नोकरीला होती. मुलगा चांगला, घर चांगले, पण आमच्या ह्यांच्या मनाला ते पटले नाही. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे, असे मला नंतर वाटायचे. ह्यांनी बोलणेच सोडले. मुलीचा फोन आला की उठून माडीवर जायचे. २०२२च्या जूनमध्ये विहीणबाईंचा मला फोन आला. कोकणीत म्हणाल्या, "सांजांव आयलां. जांवयाक घरा आपोवंक जाय." म्हणजे, सांजांव आला, जावयाला घरी बोलवायला हवे. मला त्यातले निम्मेच कळले. मी "बघते" म्हटले आणि फोन ठेवला. त्या वर्षी आम्ही कुणाला बोलावले नाही.

पुढे मुलीकडून कळले की लग्नानंतरचा पहिला सांजांव हा जावयाचा असतो आणि तो सासुरवाडीला व्हावा लागतो. त्या दिवशी गावातली मुले घुमट वाजवत त्यांच्या दारावर आली, तेव्हा आमचा जावई आपल्याच घरच्या ओसरीवर बसून होता. हे ऐकल्यावर मला काही सुचेना. आपण दिवाळसणाला जावयाला बोलावले नाही तर गावात काय बोलले जाते ते मला ठाऊक आहे. तसेच झाले होते हे.

सण कुणाचा, तारीख कुठली

सांजांव म्हणजे 'सांव जुआंव', पोर्तुगीजमधला संत जॉन. येशूला यॉर्दन नदीत बाप्तिस्मा देणारा योहान तो हाच. कॅथलिक चर्चमध्ये बहुतेक संतांचे फेस्त त्यांच्या मृत्यूच्या तिथीला असते, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्म, असे ते मानतात. जन्मदिवस पाळतात तो फक्त तिघांचा : २५ डिसेंबरला येशूचा, ८ सप्टेंबरला मरियेचा आणि २४ जूनला योहानाचा.

तारखेचा हिशेब ल्यूकच्या शुभवर्तमानातून येतो. देवदूत मरियेला निरोप द्यायला येतो, तेव्हा तिची नातलग एलिझाबेथ सहा महिन्यांची गरोदर असते. म्हणून योहानाचा जन्म ख्रिसमसच्या सहा महिने आधी धरला. पुढे मरिया एलिझाबेथला भेटायला जाते, तेव्हा तिचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातले बाळ आनंदाने उडी मारते. गोव्यात विहिरीत उडी मारतात ती या उडीची आठवण, आणि पाणी हे बाप्तिस्म्याचे, असे तिकडे घरोघरी सांगतात.

आणखी एक गोष्ट पंचांग पाहणाऱ्यांना आवडेल. २४ जून हा दक्षिणायन लागल्यावर दोन-तीन दिवसांनी येतो आणि २५ डिसेंबर उत्तरायण लागल्यावर. योहानाच्या जन्मानंतर दिवस लहान होऊ लागतो, येशूच्या जन्मानंतर मोठा. 'त्याने वाढावे, मी कमी व्हावे' अशा अर्थाचे योहानाचे बोलणे शुभवर्तमानात आहे, आणि संत ऑगस्टीन यांनी दिवसमानाचा संबंध त्याच्याशी जोडला होता. आपण संक्रांतीला जसे तिळातिळाने दिवस वाढतो म्हणतो, त्यातलाच हा विचार.

युरोपात हा दिवस ऐन उन्हाळ्यातला, म्हणून तिकडे रात्री शेकोट्या पेटवतात. पोर्तुगालमध्ये पोर्तो आणि ब्रागा ही शहरे सांव जुआंवासाठी प्रसिद्ध आहेत. गोव्यात मात्र २४ जून म्हणजे मृग सरून आर्द्रा लागलेल्या. विहिरी काठोकाठ, नाले भरलेले, रानवेली वर चढलेल्या. सणातला विस्तव मागे पडला आणि पाणी पुढे आले. संत तोच, तारीख तीच, पण सणाला कोकणातल्या पावसाने आपला करून घेतला.

घरात काय काय करतात

शिवोलीला चापोरा नदीच्या आसपासच्या गावांतून सजवलेल्या होड्या येतात, ते दृश्य आता पर्यटकांमुळे सगळ्यांना माहीत झाले आहे. पण सांजांव मुळात घराघरांचा सण आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्याविषयी.

सकाळी घरात कोपेल बांधतात. कोपेल म्हणजे वेली, पाने आणि फुले गुंफून केलेला डोक्यावरचा मुकुट. लहान पोरापासून आजोबापर्यंत सगळे घालतात. ज्या घरात नवा जावई आला आहे किंवा वर्षभरात मूल जन्मले आहे, त्या घराकडे गावची मंडळी वाजतगाजत जातात. बरोबर घुमट आणि कांसाळे. घुमट हे दोन्ही बाजूंनी उघडे मडके, एका तोंडाला चामडे. पूर्वी ते घोरपडीचे असे, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचे लावतात. गोव्यातल्या हिंदू घरांत गणपतीच्या आरतीला वाजते ते हेच घुमट. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले.

घरची मंडळी आलेल्यांना फळे देतात : अननस, फणस, राहिलेले आंबे. फेणीची बाटली विहिरीत टाकतात आणि पोहणारा ती बुडी मारून काढतो. इथे एक सांगणे भाग आहे. उडी मारण्याआधी पाणी किती, पायऱ्या कुठे, तळाशी दगड कुठला हे जाणणारा माणूस काठावर लागतो, आणि पिऊन उडी मारायची नसते. जुनी माणसे हे कटाक्षाने पाळत, असे विहीणबाई सांगतात.

जावयाला सासू स्वतः कोपेल घालते, फळे आणि गोडधोड देते. म्हणूनच या दिवसाला 'जांवयांचें फेस्त' असेही म्हणतात. संध्याकाळी काही घरांत लादाईन होते. लादाईन म्हणजे घरच्या वेदीपुढे किंवा वाटेवरच्या खुरसापुढे गाऊन केलेली मरियेची नामावळी. पूर्वी लॅटिनमध्ये असे, आता बहुतेक कोकणीत. संपल्यावर उकडलेले चणे वाटतात. आपली आरती आणि खिरापत डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल.

आणि खाणे म्हणाल तर पातोळ्या. तांदूळ भिजवून वाटायचे, ते वाटण हळदीच्या पानावर पातळ पसरायचे, वर ओले खोबरे आणि गुळाचे सारण, पान दुमडून वाफवायचे. हिंदू घरांत कोकण-गोव्यात नागपंचमीला होतात त्याच या पातोळ्या. कॅथलिक घरांत त्या सांजांवाला आणि १५ ऑगस्टच्या मरियेच्या फेस्तालाही असतात.

'त्यांचा' सण किती, 'आपला' किती

"त्यांचा सण, त्याचे आपल्याला काय?" हे वाक्य त्या वर्षी आमच्या घरात बऱ्याचदा झाले. आमचे हे बोलत नव्हते, पण माझे दीर आणि जाऊबाई बोलत होत्या. मी शाळामास्तरीण, मला उत्तर हवे होते. म्हणून वाचायला बसले.

बारदेश आणि साष्टी हे दोन महाल पोर्तुगीजांकडे १५४३ मध्ये गेले. इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत राहिले. १७३६ मध्ये त्याने काढलेले एक फर्मान अ. का. प्रियोळकरांच्या वाचकांना माहीत असेल. त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी दारात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये, भात अळणी शिजवून मागाहून मीठ घालू नये, लग्नकार्यात अमुक करू नये, तमुक पाठवू नये, अशी यादी आहे. बाटून पिढ्या गेल्या तरी असे फर्मान काढावे लागले. याचा अर्थ उघड आहे : लोक हे सगळे करत होते. बंदीचा कागद हाच चालू असलेल्या चालीचा पुरावा असतो.

जावयाचा मान हा भाग शुभवर्तमानात कुठेच नाही. तिथे गोष्ट आहे ती दोन गरोदर बायकांची आणि एका बाळाची. मग तो आला कुठून? मला वाटते, तो घरातूनच आला. आपल्याकडे लग्नानंतर पहिल्या दिवाळीला जावयाला बोलावतात. अधिक महिन्यात मुलगी-जावयाला लक्ष्मीनारायण मानून तेहतीस अनारसे आणि दिवा ताटात घालून वाण देतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात. ज्या घरांनी देव बदलला, त्या घरांतल्या मुली लग्न होऊन परघरी जायच्या थांबल्या नव्हत्या. लेकीच्या घराशी नाते बांधून ठेवायची गरज तशीच होती. दिवाळी गेली, अधिक महिना गेला, तेव्हा पावसाच्या तोंडावर येणाऱ्या संताच्या दिवसाने ते काम उचलले. लग्नात मुलीबरोबर सासरी जाणारी फराळ-केळ्यांची पाटी तिकडे 'वोजें' म्हणतात. आपले 'ओझे'च ते.

एक गंमत सांगते. पोर्तुगालमध्ये सांव जुआंवाच्या दिवसांत 'मांजेरिको' नावाच्या रोपाची कुंडी आवडत्या माणसाला द्यायची पद्धत आहे. हे रोप आपल्या तुळशीच्या कुळातले, सब्ज्याचे सख्खे. म्हणजे तिकडे सणाला जे कुळ दारात मानाने येते, त्याच कुळातली तुळस इकडे दारातून उपटायला सांगितली होती. ह्यांना हे मी जेवताना वाचून दाखवले. काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

भाषेचेही तसेच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांत येशूची कथा, आणि भाषा मराठी. आपली शाळेतली मुले ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवतामागे हे नाव पाठ करतात, पण ज्यांच्यासाठी ते लिहिले ते लोक घाटाच्या पायथ्याशी राहतात, हे आपण विसरतो. बेळगावला तर विसरायला कारणच नाही. इथला कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये वेगळा झाला, तोवर या बाजूची बरीच गावे गोव्याच्या आर्चबिशपांकडेच होती. आणि आपली भाजी रोज पहाटे चोर्ल्याने खाली उतरते ती वेगळीच.

आमच्या घरचा सांजांव

२०२३च्या मेमध्ये मी विहीणबाईंना फोन केला. म्हटले, पहिले वर्ष चुकले, आता चालेल का? त्या म्हणाल्या, संताला वर्षांचा हिशेब नसतो, जावयाला असतो. आणि हसल्या. मग म्हणाल्या, "आमी येतात."

२४ जून शनिवार होता. आमचे हे शनिवार करतात, म्हणून घरात सगळे शाकाहारी. विहीणबाईंनी ते आधीच विचारून घेतले होते. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. सकाळी चोर्ल्याच्या वाटेने मंडळी आली, ती अर्धा गोवा घेऊनच. ओल्या फडक्यात गुंडाळलेली हळदीची पाने, माडाचा काळा गूळ, अननस, आणि केळीच्या पानात जपून बांधलेली चार कोपेले. गूळ पाहून जाऊबाई म्हणाल्या, "हा जळलाय की काय?" चव घेतल्यावर मात्र दोनदा मागून घेतला. (हो, जाऊबाई आल्या होत्या. दीर आले नाहीत. अजून येत नाहीत.)

स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी पातोळ्या केल्या. तांदळाचे वाटण मी जाड पसरत होते, त्या बोटाने पातळ करून देत होत्या. माझ्या बाजूने बेळगावचे मांडे आणि कुंदा होताच. काम करता करता त्यांनी मला योहानाच्या बापाची, जखऱ्याची गोष्ट सांगितली. म्हातारपणी मुलगा होईल हे देवदूताचे बोलणे त्याला खरे वाटले नाही, म्हणून त्याची वाचा गेली. मूल जन्मले, आठव्या दिवशी नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा त्याने पाटीवर 'योहान' असे लिहिले आणि त्याची वाचा परत आली. आमचे हे दारातच उभे होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे मला ऐकवायला सांगितलंय का?" विहीणबाई घाबरल्या. मी म्हटले, "तुम्ही पाटी मागा, मी देते." त्यावर ते हसले. दीड वर्षात त्या विषयावर घरात झालेले पहिले हसणे ते.

मेणबत्ती कुठे लावायची हा प्रश्न होता. देवघरात सासूबाईंचे देव. विहीणबाईच म्हणाल्या, "न्हय, भायर." परसात आमचा जुना आड आहे, त्याच्या कठड्याच्या कोनाड्यात लावली. त्यांनी कोकणीत प्रार्थना म्हटली, आम्ही हात जोडून उभे राहिलो. मी जावयाला कोपेल घातले. मग माझ्या हाताला सवय होती म्हणून निरांजन घेऊन औक्षणही केले. यातले कुठले त्यांचे आणि कुठले आपले, हे विचारायला त्या वेळी कुणी थांबले नाही.

आता उडीचे काय? आमचा आड अरुंद, त्यात उडी मारायचा प्रश्नच नाही. शिवाय नळ आल्यापासून त्यावर लोखंडी जाळी आणि कुलूप. जावई म्हणाला, "असू दे मांय, नळाचं पाणी घेऊया." तेवढ्यात आमचे हे आत गेले आणि किल्ली घेऊन आले. कुलूप गंजले होते, तेल घालून उघडावे लागले. पाणी खोल होते. त्यांनी स्वतः दोर सोडला, घागर ओढली आणि जावयाला म्हणाले, "बसा." जावई कपड्यांसकट दगडावर बसला. ह्यांनी घागर त्याच्या डोक्यावर ओतली. कोपेलातली जास्वंद वाहून गेली ती मुलीने उचलली. मग दुसरी घागर काढली, तिसरी काढली. तिसऱ्या वेळी जावई म्हणाला, "पप्पा, पुरे, थंडी वाजते." तेव्हा थांबले.

तेव्हापासून जाळीला कुलूप नाही. नुसती कडी आहे.

पुढे

त्याच वर्षी १८ जुलैला अधिक श्रावण लागला. जावयाला आणि मुलीला बोलावून अनारशांचे वाण दिले, धोंडे केले. विहीणबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी विचारले, हे का करतात? मी सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचो सांजांव." मी म्हटले, हो, फक्त आमचा दर तीन वर्षांनी येतो, तुमचा दरवर्षी. या हिशेबात जावई फायद्यात आहे.

मंडळातल्या सभासदांना एक विनंती आहे. आपल्या गावात, खानापूर भागात, कॅम्पात कितीतरी कॅथलिक घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या घरचे सांजांव, लादाईन, नवे कणीस घरात आणायचे फेस्त यांची नोंद आपल्या संग्रहात जवळजवळ नाही. आपण वाडे, शिलालेख, मोडीचे रुमाल गोळा करतो. पण कोपेल कसे बांधतात, त्यात कुठली वेल लागते, जावयाला काय देतात, कुठले शब्द वापरतात, हे कागदावर नसते. ते सांगणारी माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत. शेजारी जाऊन विचारायला हवे. येत्या जूनमध्ये विहीणबाई आमच्याकडे येणार आहेत. ज्यांना कोपेल बांधायला शिकायचे असेल त्यांनी २४ तारखेला सकाळी यावे. येताना वेली आपापल्या आणाव्यात. आमच्या परसात तेवढ्या नाहीत.